लोक निकाल घ्यायला परत का येत नाहीत? आग्नेय आशियातल्या निर्वासित कुटुंबांची थॅलेसेमिया तपासणी

प्रश्न विचारणाऱ्या ताई मिनेसोटात, सेंट पॉलच्या एका सामुदायिक दवाखान्यात परिचारिका आहेत. शिक्षण महाराष्ट्रात झालेलं. त्यांच्याकडे येणारी बरीचशी कुटुंबं कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमधून निर्वासित म्हणून आलेली आहेत: ख्मेर, लाओ, ह्मोंग, करेन. दवाखान्याने थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आनुवंशिक रक्तविकार) पत्रकं त्यांच्या भाषांत छापून घेतली, बैठका घेतल्या. तरी गरोदर बायका एकदा रक्त देतात आणि निकाल ऐकायला फिरकत नाहीत. नवऱ्यांना बोलावलं तर जवळजवळ कुणीच येत नाही. "आमचं शिक्षण नेमकं कुठे कमी पडतंय?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी मुंबईत रक्तविकारांच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढची बरीच वर्षं कॅलिफोर्नियात जनुकीय समुपदेशक म्हणून याच समाजांमध्ये काम केलं. त्या अनुभवावरून सरळ सांगते: कमी पडतंय ते शिक्षण नाही. निकाल हातात आल्यावर त्या बाईने नेमकं काय करायचं, हे तुमच्या दवाखान्याने आधी ठरवलेलं नाही. तिला फोन जातो, "तुम्ही वाहक आहात, पुढच्या आठवड्यात समुपदेशनासाठी या." वाहक म्हणजे सदोष जनुक बाळगणारी पण स्वतः निरोगी व्यक्ती. ती येते, अर्धा तास ऐकते आणि शेवटी तिला कळतं की नवऱ्याचं रक्त तपासल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. म्हणजे तिची रोजची मजुरी बुडाली, बस बदलून यावं लागलं आणि हातात पडली फक्त काळजी. हे तिने मैत्रिणीला सांगितलं की मैत्रीणही येत नाही. यात अडाणीपणा कुठेच नाही. तिने साधा हिशेब केला आहे, आणि तो बरोबर आहे.

म्हणून सगळ्यात आधी क्रम बदला. पत्रक, बैठक, व्हिडिओ हे सगळं नंतर. आधी जोडप्याची तपासणी एकाच भेटीत, योग्य चाचण्यांसह होईल अशी व्यवस्था करा. ती कशी करायची हे सांगण्याआधी या भागातल्या रक्तविकारांबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण भारतात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात थॅलेसेमियाचं जे चित्र असतं ते इथे अर्धंच उपयोगी पडतं.

आपल्याकडे थॅलेसेमिया म्हटलं की बीटा थॅलेसेमिया डोळ्यांपुढे येतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा कुटुंबांत त्याचं प्रमाण जास्त, वाहकाचं हिमोग्लोबिन ए-टू (मोठ्यांच्या रक्तात थोडंसं असणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) वाढलेलं, दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, असण्याची शक्यता चारात एक. विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकल सेल. आग्नेय आशियात मात्र तीन गोष्टी एकत्र नांदतात. पहिली हिमोग्लोबिन ई, म्हणजे बीटा जनुकातल्या बदलामुळे बनणारा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार. थायलंड, लाओस आणि कंबोडिया जिथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यातल्या काही भागांत निम्म्यापर्यंत लोकांमध्ये हे जनुक सापडतं. आपल्याकडे ते बंगाल-आसामकडे दिसतं. दुसरा बीटा थॅलेसेमिया. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, अल्फा थॅलेसेमिया.

अल्फा ग्लोबिनची चार जनुकं असतात, सोळाव्या गुणसूत्राच्या जोडीतल्या प्रत्येक प्रतीवर दोन-दोन. भारतात अल्फा थॅलेसेमिया खूप आहे, पण बहुतेक वेळा एका प्रतीवरचं एकच जनुक गळालेलं असतं. आग्नेय आशियात एका प्रतीवरची दोन्ही जनुकं एकदम गळालेली असणं सर्रास आढळतं. हा फरक छोटा वाटतो, पण परिणाम भयंकर आहे. आई आणि वडील दोघांमध्येही असा दोन जनुकांचा तुकडा गळालेला असेल, तर चारात एक शक्यता अशी की बाळाकडे अल्फाचं एकही जनुक नसतं. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन बार्ट्स तयार होतं आणि ते ऑक्सिजन सोडतच नाही. गर्भाला सूज येते, हृदय मोठं होतं, वार फुगते. बहुतेक बाळं पोटातच किंवा जन्मल्याबरोबर जातात. आणि धोका फक्त बाळाला नसतो. आईचा रक्तदाब वाढतो, प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होतो. महाराष्ट्रात शिकलेल्या परिचारिकेने हे कधी पाहिलेलंच नसतं, म्हणून ते लक्षात राहत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या लाओ किंवा ख्मेर बाईने "माझी दोन बाळं सातव्या महिन्यात सुजून गेली" असं सांगितलं, तर ती तुम्हाला निदानच सांगते आहे.

आता प्रयोगशाळेकडे. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि तो कुणाला दिसत नाही.

हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, अल्फा थॅलेसेमियाचा वाहक दाखवत नाही. अहवालावर "नॉर्मल" छापून येतं. त्या बाईच्या लाल पेशी लहान असतात, एमसीव्ही (पेशींच्या सरासरी आकाराचं माप) ८० च्या बराच खाली, कधी ७० च्याही खाली, आणि ए-टू अगदी सरळ. अशा वेळी लोहाची कमतरता आहे का ते फेरिटिनवरून, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याच्या तपासणीवरून, पाहायचं. नसेल तर अल्फासाठी डीएनए तपासणी मागवायची. ती तुम्ही मागवल्याशिवाय आपोआप होत नाही. नवराही लहान पेशींचा निघाला, तर दोघांचीही डीएनए तपासणी त्याच दिवशी पाठवा.

उलटी चूकही होते. हिमोग्लोबिन ई च्या वाहकाचा एमसीव्ही कधी कधी ८० च्या वर असतो. "पेशींचा आकार ठीक आहे, पुढे काही नको" असं म्हणून जे दवाखाने थांबतात, त्यांच्याकडून ई चे वाहक निसटतात. आणि अशा बाईचा नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तर बाळाला ई-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो. तो कधी अगदी सौम्य असतो, कधी आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. म्हणून या कुटुंबांत पेशींची मोजणी आणि हिमोग्लोबिनची तपासणी दोन्ही एकदमच करायच्या, एकीच्या निकालावर दुसरी अडवायची नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये वंश न पाहता प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी देऊ करण्याची शिफारस केली आहे. वरिष्ठांना पटवताना तिचा आधार घ्या.

अजून एक बारकावा. बऱ्याच एचपीएलसी यंत्रांवर हिमोग्लोबिन ई आणि ए-टू एकाच खिडकीत येतात, वेगवेगळे मोजले जात नाहीत. अहवालात "ए-टू ३० टक्के" असं दिसलं तर ते ए-टू नाही, ई आहे. बीटाच्या वाहकात ए-टू साधारण चार ते सात टक्क्यांच्या आसपास असतं; दहाच्या वर गेलं की वेगळा विचार करायचा. ई च्या वाहकात ई पंचवीस-तीस टक्के असतं. ते वीसच्या आसपास किंवा त्याखाली दिसलं, तर सोबत अल्फाची जनुकंही गळालेली असण्याची शक्यता मोठी. म्हणजे "ई चा वाहक, काळजी नको" एवढं सांगून त्या बाईला घरी पाठवलं, तर खरा धोका तिच्या अहवालातच दडून राहतो.

लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या समाजांतल्या कितीतरी बायकांना छावणीपासून अमेरिकेपर्यंत प्रत्येक डॉक्टरने लोह दिलेलं असतं. लहान पेशी दिसल्या की रक्तक्षय, रक्तक्षय दिसला की लोह. दोन्ही प्रतींवर ई असलेल्या बाईच्या पेशी खूप लहान असतात, तब्येत मात्र ठणठणीत असते. तिला लोहाने काहीच फायदा होत नाही. ती पोटदुखी आणि बद्धकोष्ठ सोसते, गोळ्या टाकून देते आणि "हे डॉक्टर दरवेळी तेच देतात" असा तिचा समज पक्का होतो. तुमच्या निकालावरचा तिचा विश्वास तिथेच उडालेला असतो. फेरिटिन पाहा. कमी असेल तर लोह जरूर द्या, वाहक बाईलाही लोहाची कमतरता होऊ शकते. कमी नसेल तर गोळ्या थांबवा आणि त्या का थांबवल्या ते तिला सांगा. मी सांगते, "तुमच्या पेशी जन्मापासून लहान आहेत, हा आजार नाही, या गोळ्यांची गरज नाही" हे वाक्य ऐकल्यावर ज्या बायका पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या, त्यांची संख्या कोणत्याही बैठकीतून मिळालेल्या बायकांपेक्षा जास्त आहे. जनुकीय शिक्षणाची सुरुवात तिथून होते. तिच्या रोजच्या एका तक्रारीचं उत्तर तिला मिळालेलं असतं.

नवजात बाळांचंही तसंच. इथे सर्व राज्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन पाहतात. कॅलिफोर्नियाने १९९९ पासून त्यात हिमोग्लोबिन एच रोगही (अल्फाच्या चारपैकी तीन जनुकं निकामी असणं) धरला आहे. अहवालात फक्त गर्भातलं हिमोग्लोबिन आणि ई दिसलं, मोठ्यांचं नेहमीचं हिमोग्लोबिन अजिबात दिसलं नाही, तर दोन शक्यता असतात. एकतर बाळाच्या दोन्ही प्रतींवर ई आहे आणि बाळ निरोगी राहील. किंवा एकीकडे ई आणि दुसरीकडे बीटा थॅलेसेमिया, म्हणजे पुढे रक्त लागू शकेल. त्या थेंबावरून यातलं कुठलं ते सांगता येत नाही. आईबाप दोघांचं रक्त पाहिलं की बहुतेक वेळा लगेच उलगडा होतो, शिवाय काही महिन्यांनी बाळाचीही फेरतपासणी करावी लागते. पण दवाखान्यातून जातं ते एक पत्र, इंग्रजीत, "असामान्य निकाल" एवढंच. आई घाबरून बाळाला छातीशी धरून बसते, किंवा पत्र उघडतच नाही.

ह्मोंग कुटुंबांत याहून वेगळी एक गोष्ट घडली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नवजात तपासणीत नवी यंत्रं आल्यावर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात बरीच ह्मोंग बाळं "असामान्य" निघू लागली. कारण टू-मिथाइलब्युटिरिल ग्लायसिन्युरिया नावाची चयापचयाची एक स्थिती, जी या समाजात एका जुन्या पूर्वजाकडून आलेल्या बदलामुळे सर्रास आहे. यंत्रावर तिची खूण आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमिया या गंभीर आजारासारखीच दिसते, म्हणून पुढच्या तपासण्या टाळता येत नाहीत. पण यातली बहुतेक ह्मोंग मुलं काहीही न होता वाढतात. विचार करा, हजारो मैल पळून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आईला तिसऱ्या दिवशी फोन येतो की बाळाच्या रक्तात दोष आहे, आणि सहा महिन्यांनी सांगतात की बहुधा काळजीचं कारण नाही. पुढच्या वेळी थॅलेसेमियासाठी तुम्ही फोन केलात, तर तिने का विश्वास ठेवावा? तुमच्या ह्मोंग कुटुंबांत कुणाच्या बाळाला असा फोन आला होता का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आता कुटुंबाचा इतिहास. जनुकीय समुपदेशक वंशवृक्ष काढल्याशिवाय कामाला लागत नाही. आम्हाला तसंच शिकवलेलं असतं. किती भावंडं, किती हयात, गेलेले कशाने गेले, कोणत्या वयात. ख्मेर माणसाला हे प्रश्न विचारण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियाच्या लोकसंख्येचा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग उपासमारीने, आजाराने आणि कत्तलीने संपला. साठीच्या ख्मेर बाईला तुम्ही "भाऊ कशाने गेला?" विचारता तेव्हा तिच्यापुढे काय उभं राहतं, याची कल्पना करा. ती उत्तर देत नाही किंवा "आठवत नाही" म्हणते, आणि आपण नोंदीत लिहितो, "इतिहास अपुरा, सहकार्य कमी". मला हे वाचून संताप येतो.

मी वंशवृक्ष खालून वर काढते. आधी समोरची बाई, तिची मुलं, तिची गरोदरपणं. नातवंडं असतील तर त्यांची नावं, शाळा, कोण कुणासारखं दिसतं. मग तिला विचारते की आणखी कुणाबद्दल सांगावंसं वाटतं का. ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याच्या काळात गेलेल्यांसाठी मी मृत्यूचं कारण विचारतच नाही, एक खूण करून ठेवते. वैद्यकीयदृष्ट्या फारसं नुकसान होत नाही, कारण त्या काळातले मृत्यू रक्तविकाराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत आणि वाहक आहे की नाही हे आज रक्तच सांगतं. एक गोष्ट मात्र हळुवारपणे विचारते: फिकट पडलेली, पोट फुगलेली, लहानपणी गेलेली मुलं घरात होती का. पुष्कळदा उत्तर युद्धाच्या आधीच्या गावातलं मिळतं, आणि ते सांगताना लोक रडत नाहीत, उलट बरं वाटतं असं म्हणतात. काही जण कर्माबद्दल बोलतात, मागच्या जन्मीचं काही असेल म्हणतात. त्याचं खंडन करू नका. कर्म मानणारा माणूस नवऱ्याचं रक्तही तपासून घेतो, दोन्हीत भांडण नसतं. फक्त एक गोष्ट ठामपणे सांगा: हे जनुक कुणाच्या पापाने आलेलं नाही. जिथे हजारो वर्षं हिवताप होता तिथे वाहकांची मुलं जास्त जगली, म्हणून ते टिकलं. सासू सुनेकडे बोट दाखवत असेल, तर तिच्यासमोर सांगा की बाळाला आजार होण्यासाठी दोन्हीकडून जनुक यावं लागतं.

ह्मोंग समाजात कुळं असतात आणि एका कुळात लग्न होत नाही. त्यामुळे "आमच्यात नात्यात लग्नं होत नाहीत, आम्हाला हे होणार नाही" असं ऐकायला मिळतं. मराठी माणसाला हे समजावून घ्यायला अवघड नाही. आपल्याकडे सगोत्र टाळतात आणि काही समाजांत मामाची मुलगी मात्र चालते, अगदी तसंच. कूळ बापाकडून चालतं, जनुकं दोन्हीकडून येतात. शिवाय एखादं जनुक समाजात इतकं पसरलेलं असलं की नात्याचा प्रश्नच उरत नाही. अनोळखी दोघेही वाहक असू शकतात. आणि एक व्यवहाराची बाब: लग्न झाल्यावर बाई नवऱ्याच्या कुळाची होते. तिच्या बहिणींना तपासायचं असेल तर निरोप सासरच्या वडीलधाऱ्यांमार्फत पाठवू नका, तिच्याकडूनच पाठवा.

रक्ताबद्दलची भीती खरी आहे. बऱ्याच ह्मोंग ज्येष्ठांना वाटतं की काढलेलं रक्त भरून येत नाही, माणूस कमजोर होतो. त्यांना हसू नका आणि व्याख्यानही देऊ नका. फक्त कमी रक्त घ्या. पेशींची मोजणी, हिमोग्लोबिनची तपासणी आणि डीएनए, सगळं जांभळ्या टोपणाच्या एक-दोन छोट्या नळ्यांत भागतं, फेरिटिनसाठी आणखी एक. पहिल्याच दिवशी पुरेसा नमुना घ्या आणि डीएनएसाठी राखून ठेवायला प्रयोगशाळेला सांगा. "थोडं अजून हवंय" म्हणून तिसऱ्यांदा बोलावलेलं कुटुंब गेलंच समजा. दवाखान्यातून परत गेल्यावर कुणी मनगटाला दोरा बांधून घेणार असेल, आत्म्याला बोलावण्याचा विधी करणार असेल, तर भेटीची तारीख त्याप्रमाणे ठेवा.

दुभाषी. घरातल्या मुलाला कधीच दुभाषी करू नका. चौदा वर्षांच्या मुलीने आईला सांगावं की पोटातलं बाळ वाचणार नाही? कायदाही हे चालवून घेत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यावर भाषेची सोय करण्याची जबाबदारी आहे. पण प्रशिक्षित दुभाषी मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. सेंट पॉलमधला करेन किंवा ह्मोंग दुभाषी त्याच मंदिरात, त्याच चर्चमध्ये, त्याच लग्नांत भेटणारा माणूस असतो. बाई त्याच्यासमोर गर्भपाताचा शब्दही काढणार नाही. अशा संवेदनशील भेटीसाठी दुसऱ्या राज्यातला दुभाषी फोनवर घ्या. भेटीआधी त्याला पाच मिनिटं द्या, आज काय सांगायचंय ते समजावून सांगा, कारण त्याच्यासाठीही हा विषय नवा असतो.

चारात एक ही शक्यता सांगताना कागदावर चार बाळं काढू नका. लोक त्याचा अर्थ "एक आजारी झालं की पुढची तीन बरी" असा लावतात, आणि त्यावर विसंबून पुढचं गरोदरपण ठरवतात. दोन नाणी घ्या, एक आईचं, एक वडिलांचं, आणि त्यांनाच उडवायला द्या. दोन्ही काटे आले तर आजार. पुन्हा उडवायला सांगा. मागचा डाव नाण्याला आठवत नाही, हे आजीलाही हसत-हसत कळतं. शेवटी "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगाल?" असं विचारा आणि शांतपणे ऐका.

पत्रकांचं म्हणाल तर ह्मोंग भाषेची आजची रोमन लिपी १९५० च्या दशकात लाओसात मिशनऱ्यांनी बसवली, आणि युद्धात, छावणीत वाढलेल्या कितीतरी बायकांना कोणतीच लिपी येत नाही. त्यांच्याच समाजातल्या एखाद्या आईचा आवाज मोबाइलवर ऐकवणं शंभर पत्रकांपेक्षा कामाचं.

करेन कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या या लोकांत जी-सिक्स-पी-डी या, लाल पेशींचं रक्षण करणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता बरीच आहे, तिचा महिडोल नावाचा प्रकार तिथे नेहमी सापडतो. या बाळांना जन्मानंतर तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून बाळंतिणीला घरी सोडण्याआधी बाळाचं बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) पाहाच, आणि बाळाच्या झबल्या-दुपट्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका हे स्पष्ट सांगा. त्यातल्या नॅप्थलीनने लाल पेशी फुटतात. हिवतापासाठी प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर आधी ही तपासणी झालीच पाहिजे.

लोक घाबरतात त्या आणखी दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी बोला. एक, "आजार निघाला तर परत पाठवतील का?" निर्वासितांच्या वैद्यकीय तपासणीत प्रवेश नाकारण्याची जी कारणं आहेत, त्यांत थॅलेसेमिया किंवा वाहक असणं नाही. दोन, "नोकरी जाईल का?" २००८ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा नाकारता येत नाही, नोकरीतही भेदभाव करता येत नाही, जीवन विम्याला मात्र ते संरक्षण नाही, आणि तेही सांगायला हवं. ही भीती हवेतली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी सिकल सेलची तपासणी काही राज्यांनी सक्तीची केली होती, वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजावता. निरोगी माणसांना विम्यात आणि नोकरीत त्रास झाला. हवाई दलाची अकादमी १९८१ पर्यंत वाहकांना घेत नव्हती. आपल्याकडेही वाहक मुलीचं लग्न मोडल्याचं तुम्ही पाहिलं असेल. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या आणि उल्हासनगर उभं करणाऱ्या सिंधी कुटुंबांत मी तपासणीचं काम पाहिलं आहे. जिथे मुलाचं आणि मुलीचं रक्त एकदम तपासलं जाई तिथे बोट एकट्या मुलीकडे जात नसे. म्हणूनही माझा जोडप्याचा आग्रह आहे.

दोघेही वाहक निघाले तर वेळेला किंमत आहे. दहा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा, पंधरानंतर गर्भजल, या तपासण्या करता येतात. सुई नको असेल तर बार्ट्सच्या बाबतीत साधारण तेराव्या आठवड्यापासून सोनोग्राफीत हृदयाचा आकार आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग पाहून बराच अंदाज येतो. खूप कुटुंबं हा मार्ग पत्करतात. पुढे काय करायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. मिनेसोटात गर्भपात कायदेशीर आहे, शेजारच्या दक्षिण डकोटात जवळजवळ पूर्ण बंदी आहे, त्यामुळे पत्ता कुठला आहे हेही पाहा. बाळ ठेवायचं असेल तर गर्भातच रक्त चढवून बार्ट्सची काही बाळं आज जगतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यासोबत गर्भात आईच्या मूळपेशी देण्याचा प्रयोगही झाला आहे. "काहीच करता येत नाही" असं कुणालाही सांगू नका.

तर तुमच्या दवाखान्यात सुरुवात अशी करा. पहिले काही महिने फक्त पहिल्या तिमाहीतल्या बायका आणि त्यांचे नवरे घ्या, बाकी कुणालाही बोलावू नका. शनिवारी किंवा संध्याकाळी वेळ ठेवा, कारण नवरे कारखान्यात असतात. नवऱ्याच्या तपासणीचं बिल कोण भरणार हे आधी लेखी ठरवून घ्या; इथेच बहुतेक योजना अडकतात. दोघांचं रक्त एकदम. निकाल दहा-बारा दिवसांत, दुभाष्यासह, फोनवर. धोका नसलेल्यांना पुन्हा बोलावूच नका. धोका असलेल्यांना त्याच आठवड्यात समुपदेशकाची वेळ द्या. आणि प्रत्येकाच्या हातात एक टिकाऊ कार्ड: नाव, हिमोग्लोबिनचा प्रकार, अल्फाचा डीएनए निकाल, तारीख, आणि खाली इंग्रजीत ठळक अक्षरांत, "फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नये." भारतात सिकल सेल मोहिमेत अशी कार्डं देतात, तुम्हाला ती कल्पना नवी नसेल. पुढच्या डॉक्टरला ते कार्ड दाखवून बाई लोहाच्या गोळ्या नाकारू शकली, तर दुसऱ्या खेपेला बहिणीला घेऊन ती आपणहून येईल.